चांगुणाचा उजवा डोळा

अकोल्याच्या डोंगरातली मुलगी मिरजगावात कुणी देत नाही. ही गोष्ट मला पहिल्याच दिवशी खटकायला हवी होती. दोन्ही गावं एकाच नगर जिल्ह्यात आहेत खरी, पण ते नकाशापुरतं. तिकडे मांडीभर चिखलात उभं राहून भाताची आवणी करतात, इकडे आम्ही पाऊस आला तर ज्वारी पेरतो, नाही आला तर आभाळाला शिव्या घालतो. सकाळी अकोल्याला एसटीत बसलेला माणूस संगमनेर, नगर करत दिवेलागणीला मिरजगावला उतरतो, तेव्हा धुळीमुळे त्याची सख्खी आईसुद्धा त्याला ओळखणार नाही. मुलगी द्यायची तर बैलगाडी जुंपून एका दिवसात जाऊन-येऊन होईल अशा ठिकाणी, ही आपली जुनी रीत. मग मच्छिंद्रनानांनी आपली चांगुणा एवढ्या लांब का दिली? लोकांनी विचारलं, मी विचारलं नाही. मला वाटलं, माझी कीर्ती तिथवर पोचली असेल.

कीर्ती कसली? मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. कागदावर गोरक्षनाथ, गावात गोरख मास्तर. घरात मी आणि आई, दगडाबाई. लग्न ठरलं तेव्हा आमच्या शाळेतले आबासाहेब गुरुजी म्हणाले, "गोरखा, भाग्यवान आहेस. तो गोरख मच्छिंद्राला शोधत बायकांच्या राज्यात गेला होता, तुला मच्छिंद्र सासरा म्हणून घरबसल्या मिळाला." सगळी शाळा हसली. मीही हसलो.

बहात्तर सालच्या माघात मुलगी बघायला गेलो. चांगुणा एकोणीस वर्षांची, म्हणजे त्या वेळच्या हिशेबानं जरा उशिराचीच. उंच, सावळी, हाताची बोटं लांबसडक. माझा मामा म्हणाला, "मास्तराची बायको व्हायची हाय, वाचाया येतंय का बघा." नाना लगबगीनं आत गेले आणि चौथीचं पुस्तक घेऊन आले. खूण घातलेलं पान त्यांनीच काढून दिलं. चांगुणानं धडा घडाघडा वाचला. मधे कुठे अडखळली नाही. फक्त पान उलटायच्या आधीच पुढच्या पानावरचे दोन-तीन शब्द तिच्या तोंडून निघून गेले. आता मी मास्तर माणूस. पाठ केलेलं वाचन आणि खरं वाचन यातला फरक मला पहिलीच्या वर्गात पाठमोरा उभा राहूनही कळतो. त्या दिवशीही कळला. आणि गंमत अशी की मी खूश झालो! पोरगी केवढी हुशार, अख्खा धडा तोंडपाठ!

खरं काय होतं ते आता सरळ सांगून टाकतो. ते माझ्यापासून लपवलं गेलं, म्हणून मी तुमच्यापासून लपवण्यात काही अर्थ नाही.

तेराव्या-चौदाव्या वर्षापासून चांगुणाची नजर बिघडत गेली होती. बुबुळावर एक पारदर्शक काच असते. आपली ती वाटीसारखी गोल असते, तिची पातळ होत होत टोकाला पुढे येत चालली होती, शंकूसारखी. चष्मा लावून उपयोग नव्हता. दिव्याच्या एका ज्योतीच्या तिला पाच-सहा ज्योती दिसायच्या. सातवीत शाळा सुटली. पुढे संगमनेरला डोळ्यांचं शिबिर भरलं, तिथल्या डॉक्टरांनी तिला पुण्याच्या दवाखान्यात धाडलं. उजवा डोळा जास्त गेलेला होता. तिथे एका मेलेल्या माणसाच्या डोळ्याची काच काढून तिच्या उजव्या डोळ्यात बसवली, केसाहून बारीक दोऱ्यानं शिवून.

नानांनी त्या वेळी जे केलं ते मी कमी करून सांगणार नाही. चाळीस दिवस तो माणूस दवाखान्याच्या व्हरांड्यात झोपला. पोरीच्या दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या, डोकं हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. तिला घास भरवायचा तो त्यांनीच. आई तिची आधीच गेलेली. पट्टी सुटली तेव्हा चांगुणाला पहिल्यांदा दिसला तो बापाचा चेहरा. ती म्हणाली, "नाना, तुमी किती म्हातारं झालात वो!" आणि नाना सगळ्या वॉर्डासमोर रडले. त्या डोळ्यानं माणसं, वाट दिसायला लागली; पुस्तकातलं बारीक अक्षर मात्र लागत नव्हतं, म्हणून तो चौथीचा धडा पाठ.

निघताना डॉक्टरांनी बजावलं होतं. अंग तरुण आहे, परकी काच ते कधीही ओळखेल आणि तिच्याशी भांडायला उठेल. डोळा लाल झाला, उजेड सोसेना, धूसर दिसायला लागलं, की त्याच दिवशी गाडी धरा. थेंबांची औषधं देऊन वाचवता येतो. उशीर केलात तर काच पांढरी होईल आणि मग आम्हाला दोष देऊ नका.

हे सगळं नानांनी ऐकलं, आणि घरी येताना एसटीतच ठरवलं की ह्यातला एक शब्दही घराबाहेर कुणाला सांगायचा नाही. मेलेल्याचा डोळा लावलेली पोरगी कोण करणार? भावकीनं नावं ठेवली असती, जवळपासच्या गावांत बोभाटा झाला असता. म्हणून स्थळ लांबचं शोधलं. हळदीच्या आदल्या दिवशी त्यांनी चांगुणाला देव्हाऱ्यापुढे बसवून खंडोबाचा बेलभंडारा उचलायला लावला. बेलाचं पान आणि हळद हातात घेऊन केलेली शपथ आमच्याकडे मोडत नाहीत, मोडली तर घरावर येते म्हणतात. सासरी डोळ्याचं काही बोलायचं नाही, ही तिची शपथ. त्याच्या बदल्यात नानांनी तिला शब्द दिला. "तुझ्या डोळ्याचा भार माझ्यावर. नुसतं कळव. त्याच दिशी मूळ घिऊन येतो आन् परभारं पुन्याला न्हेतो."

मूळ म्हणजे काय ते शहरातल्यांना सांगायला हवं. सासुरवाशीण आपल्या पायांनी माहेरी जात नाही. माहेरहून कुणीतरी न्यायला यावं लागतं. ते न्यायला येणं म्हणजे मूळ, आणि येणारा तो मुराळी. पहिल्या वर्षी तर मुराळ्याशिवाय नवी नवरी वेशीबाहेर पडली की दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर चर्चा. चांगुणाच्या डोळ्याची सगळी भिस्त अशी एका मुराळ्यावर होती.

वैशाखात लग्न झालं. पहिले दोन महिने मी हवेत होतो, हे कबूल करतो. चांगुणा बोलायची कमी, पण बोलली की नेमकं. ज्वारीच्या भाकरीला ती आधी फार हसायची. म्हणायची, "ह्या भाकरीला चावाया मानूस लावा एक." पण आठ दिवसांत आईपेक्षा पातळ थापायला लागली. धान्य निवडायची ते डोळ्यांपेक्षा बोटांनी जास्त. येणारा माणूस पावलांवरून ओळखायची. सुईत दोरा मात्र माझ्याकडून ओवून घ्यायची, "तुमच्या हातून लवकर जातो," म्हणून. मला वाटे, लाडात आली आहे. मी रोज एक सुई ओवून द्यायचो आणि स्वतःला मोठा रसिक नवरा समजायचो.

एकदा अंगणात बसलो असताना म्हणाली, "ह्या डोळ्यानं चांद येक दिसतो, ह्या डोळ्यानं सा." मी म्हणालो, "मग सहा बघ, जास्त आहेत." दुसऱ्या एका दिवशी उन्हात तिच्या उजव्या डोळ्याच्या काळ्यावर मला एक बारीक गोल रेघ दिसली, मनगटी घड्याळाच्या काचेला कड असते तशी. विचारलं तर म्हणाली, "भात कांडताना कुसळ गेलं हुतं ल्हानपनी." मी ते शाळेत पोरांना उदाहरण म्हणून सांगितलं. कांडताना डोळे सांभाळावेत.

आषाढ आला, पाऊस आला नाही. लोक रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जायला लागले. शे-दीडशे माणसं एका ठिकाणी, एका हौदावर तोंड धुणारी. डोळ्यांची साथ न येती तरच नवल. आधी कामावरच्यांचे आले, मग पोरांचे, मग आईचे. सकाळी उठावं तर पापण्या चिकटलेल्या. चार-पाच दिवस हा तमाशा, की माणूस मोकळा. आईचे उतरले आणि चांगुणाचा उजवा डोळा लाल झाला.

"आता हिची पाळी," आई म्हणाली. मीही तेच म्हणालो. फक्त एकच डोळा लाल, चिकटपणा काही नाही, पाणी गळतंय, आणि उजेड असा सोसेना की ती डोळ्यावर पदर ओढून चुलीपुढे बसायची. हे वेगळं आहे, हे बघायला मास्तर असण्याची गरज नव्हती. पण मी बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "नानाला कार्ड लिवता का माझ्या नावानं? मला उलीसं दिसंना."

मी कार्ड घेतलं. "सांग."

"लिवा, उजवा डोळा लाल झालाय. तवाच्या तवा मूळ घिऊन या. येक दीस बी लावू नगा."

मी हसलो. "डोळे आले म्हणून कुणी मूळ मागतं का? आई काय म्हणेल?"

"लिवा हो तुमी," ती म्हणाली. त्यात अजिजी होती. मी ती माहेरच्या ओढीत जमा केली.

तिनं सांगितलं तसं लिहिलं. कार्डावर खाली चार ओळींची जागा उरली. कोरी जागा सोडवत नाही, ही मास्तरकीची खोड. आणि नव्या जावयानं सासऱ्याला काही लिहायचं नाही म्हणजे बरं दिसत नाही. म्हणून माझ्या सुवाच्य अक्षरात मी ताजा कलम घातला: 'काळजीचे कारण नाही. गावात डोळ्यांची साथ आहे. मातोश्रींचेही आले होते, चार दिवसांत उतरले. आपण आवणीची कामे सोडून येण्याची तसदी घेऊ नये.' हे मी चांगुणाला वाचून दाखवलं नाही. दाखवण्यासारखं काही आहे असंच वाटलं नाही.

त्या दिवसापासून ती एसटीच्या वेळेला दाराशी यायची. डोळ्यावर पदर, कान रस्त्याकडे. सकाळची नगरची गाडी, दुपारची, संध्याकाळची. चौथ्या दिवशी तिनं विचारलं, "कार्ड पोचलं असंल का?" मी म्हणालो, "पोचलं असेल." आठव्या दिवशी पुन्हा विचारलं. मी चिडलो.

बाराव्या दिवशी उत्तर आलं. नानांना लिहिता येत नव्हतं, कुणाकडून तरी लिहून घेतलेलं होतं. आवणी चालू आहे. पंचमीला मुळाला येतो. डोळ्यात गाईचं तूप घालावं. मी वाचून दाखवलं. चांगुणा म्हणाली, "पुन्हा वाचा." मी पुन्हा वाचलं. तिनं बोटांवर दिवस मोजले. पंचमीला अजून एकोणीस दिवस होते. मोजून झाल्यावर बोटं तशीच उघडी ठेवून बसली.

"तुमी न्हेऊन सोडता का मला?" तिनं विचारलं.

"कुठं?"

ती काहीतरी बोलणार होती. ओठ हललेले मी पाहिले. मग म्हणाली, "अकोल्याला."

"पंचमी आलीच की. मुळाशिवाय गेलीस तर लोक म्हणतील भांडून गेली. शाळा आहे माझी."

आई वाईट नव्हती. उलट, आपल्या परीनं ती त्या डोळ्यासाठी झिजली. शेजारची लंकाबाई तेव्हा लेकुरवाळी होती. बाईचं दूध डोळ्याला थंड, म्हणून आई तिला रोज दोन वेळा बोलावून चांगुणाच्या डोळ्यात दुधाच्या धारा सोडायला लावायची. वर हळदीची चिंधी. चांगुणा मान मागे टाकून मुकाट्यानं बसायची. तिच्या ट्रंकेत लुगड्यांच्या घडीखाली थेंबांची एक रिकामी बाटली होती, ती मला नंतर सापडली. लग्नानंतर महिनाभरातच संपलेली. दुसरी नाना घेऊन येणार होते.

हळूहळू लाली कमी झाली. आई म्हणाली, बघ, उतार पडला. पण डोळ्याचं काळं ताकासारखं झालं होतं.

पंचमीच्या आदल्या दिवशी संध्याकाळच्या गाडीनं नाना आले. खांद्यावर तांदळाचं गाठोडं, हातात हिरव्या बांगड्यांची पुडी. चांगुणा पाणी घेऊन बाहेर आली. त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि गाठोडं न उतरवताच ओट्यावर बसले. मी म्हणालो, "मामा, गाठोडं तरी ठेवा." त्यांना ऐकू गेलं नसावं. सकाळी पहिल्या गाडीनं दोघं निघाली. चांगुणा बापाशी एक अक्षर बोलली नाही. मला वाटलं, मूळ उशिरा आलं म्हणून रुसली. "आठ दिसांनी आनून सोडतो," नाना म्हणाले.

आठ दिवस गेले, पंधरा गेले. तीन आठवडे झाल्यावर मी रजा टाकून अकोल्याला गेलो. घरी नानांची थोरली बहीण, बनुबाई, एकटीच. जावई दारात बघून तिची धांदल उडाली. पाय धुवायला पाणी देता देता म्हणाली, "पुन्यालाच हायेत आजून. बसिवलेला डोळा नासला म्हनं पोरीचा."

"बसवलेला?" मी विचारलं.

बनुबाईनं तोंडावर हात ठेवला. पण तोंडातून निघालेलं परत थोडंच आत जातं! मी तिथेच ओल्या पायांनी बसलो आणि तिच्याकडून सगळं काढून घेतलं. शिबिर, पुणं, चाळीस दिवस, बेलभंडारा. ती पदरानं डोळे पुसत सांगत होती. मला रडू येत नव्हतं. मला फक्त त्या बघण्याच्या दिवशीचं चौथीचं पुस्तक आठवत होतं. मला, मास्तराला, चौथीच्या पुस्तकानं फसवलं!

दुसऱ्या दिवशी पुण्याला दवाखान्यात पोचलो तो भांडायच्या तयारीनंच. वॉर्डात चांगुणा खाटेवर उशाला टेकून बसली होती, उजव्या डोळ्यावर पट्टी. नाना खाटेखाली जमिनीवर. मोठे डॉक्टर फेरीवर होते, त्यांनीच मला गाठलं.

"तुम्ही कोण हिचे?"

"नवरा."

"आणायला पाच आठवडे लावलेत!" डॉक्टर एवढ्या जोरात बोलले की शेजारच्या खाटा वळल्या. "पहिल्या चार-सहा दिवसांत आणली असती तर बहुतेक वाचवला असता हा डोळा. आता काच मेली आहे. तिच्यात रक्ताच्या शिरा शिरल्या आहेत. ह्या डोळ्यात पुन्हा दुसरी बसवली तरी टिकण्याची आशा थोडी. सगळं समजावून पाठवलं होतं. तुम्ही लोक ऐकत का नाही?"

"मला कुणी काही सांगितलंच नाही," मी म्हणालो. हे म्हणताना मला बरं वाटलं. सगळ्या वॉर्डानं ऐकावं असं वाटलं. डॉक्टर एकदा माझ्याकडे आणि एकदा खाली बसलेल्या नानांकडे बघून पुढच्या खाटेकडे गेले.

मी नानांकडे वळलो. "मामा, तुम्हाला कार्ड मिळालं होतं. लाल डोळा म्हणजे काय, ते तुम्हाला माहीत होतं. जगात फक्त तुम्हा घरच्यांना माहीत होतं. मग का नाही आलात?"

नाना खाली बघून बोलले. "भरल्या आवनीत उठून आलो असतो तर तुमी इच्यारलं असतं, का आला. पुन्याला न्हेतो म्हनलं असतं तर इच्यारलं असतं, कशापायी. समदं उघडं पडलं असतं. दोन म्हैन्यांची नवरी, मास्तर. आनून दारात सोडली असती तुमी."

"म्हणून डोळा घालवलात तिचा?"

नानांनी बंडीच्या खिशातून ते कार्ड काढलं. चार घड्या पडलेलं. "दोन रोज मी पिशवी भरून बसल्तो. मंग म्हनलं, जावई शिकल्याला हाय. साथ हाय म्हनून लिवलंय, येऊ नगा म्हनून लिवलंय. म्हनलं, साथच असंल." त्यांनी कार्ड गुडघ्यावर सपाट केलं. "मला साथच पायजे हुती, मास्तर."

"काय लिवलं हुतं?" खाटेवरून चांगुणानं विचारलं.

नानांनी कार्ड माझ्यापुढे धरलं.

"काय लिवलं हुतं माझ्या कार्डात?"

नानांना वाचता येत नव्हतं. तिला दिसत नव्हतं. वाचणारा मी एकटाच होतो. मी माझं सुवाच्य अक्षर मोठ्यानं वाचलं. काळजीचे कारण नाही. तसदी घेऊ नये. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. त्या दिवशी ती आमच्यापैकी कुणाच्याच हातचं जेवली नाही. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीनं तिला दोन घास भरवले.

पंधरा दिवसांनी मी तिला घरी आणलं. आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आन् मी त्या डोळ्यात दूध घालीत बसले गं बाई." मेलेल्याच्या डोळ्याबद्दल ती चांगुणाला कधी टोचून बोलली नाही. मी मात्र बोललो, आणि गावभर बोललो. शाळेत, पारावर, न्हाव्याच्या खुर्चीत मान वाकवूनसुद्धा. मला कसं फसवलं, सासरा कसा आतल्या गाठीचा. लोक च् च् करायचे. आबासाहेब गुरुजी म्हणाले, दुसऱ्यानं बायको टाकून दिली असती, गोरखा, तू थोर. ते 'थोर' मला गोड लागायचं. ताजा कलमाचं मी कुणालाही सांगितलं नाही. चांगुणा घरात असायची, तिला सगळं ऐकू यायचं. कान तिचे पहिल्यापासून तिखट.

डाव्या डोळ्यानं तिला माणूस उभा आहे की खांब, एवढं कळायचं, आणि तेही कमी होत चाललं होतं. डॉक्टर म्हणाले होते की डावा डोळा अजून कोरा आहे, त्यात काच बसवता येईल. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात मी विषय काढला. ती ज्वारी निवडत होती. म्हणाली, "बसवतील वो. पर पुन्हा लाल झाला तर सांगू कुनाला? कुनाच्या भरवशावर बसवू?"

मी म्हणालो, "माझ्या."

ती हसलीसुद्धा नाही. खडा चाचपून बाहेर टाकला आणि पुढची मूठ घेतली.

त्या वर्षी पंचमीला नाना पुन्हा आले. तसंच गाठोडं, तशीच बांगड्यांची पुडी. वर्षभरात माणूस वाकला होता. मी त्यांना अंगणातच अडवलं. शेजारची दोन-चार माणसं बघत होती, त्यामुळे मला जोर चढला. "कोणत्या तोंडानं आलात?" मी म्हणालो. "बाप म्हणवता? पोटच्या पोरीला फसवलंत, मला फसवलंत. पुन्हा ह्या घराची पायरी चढू नका." नानांनी गाठोडं तिथेच ठेवलं आणि ते परत फिरले.

मी आत आलो तो छाती काढून. बायकोची बाजू घेतली होती ना! चांगुणा दाराआड उभी होती, चौकटीला धरून.

"बलावा त्यांना," ती म्हणाली. "जेवायच्या वक्ताला मानूस दारातनं उपाशी धाडीत न्हाईत."

"त्यांना? तुझा डोळा घालवला त्यांनी!"

"घालवला. ते माझं आन् त्यांचं. मी त्यांच्यासंगं जानार न्हाई, आज बी न्हाई आन् पुढं बी न्हाई. पर जेवूनशानी जाऊ द्या." मग तिनं तोंड माझ्या आवाजाच्या दिशेला वळवलं. "येक इच्यारू? लगनाआदी नानांनी तुमाला खरं सांगितलं असतं, तर केली असती का मला?"

मला 'हो' म्हणायचं होतं. तोंड उघडलंही. पण मला तो बघण्याचा दिवस आठवला, मामा आठवला, आई आठवली. मेलेल्या माणसाचा डोळा लावलेली मुलगी आहे, असं कुणी तेव्हा कानात सांगितलं असतं, तर मी चहा तसाच ठेवून उठलो असतो. गोरख मास्तर, ट्रेनिंग कॉलेजचा दुसरा नंबर.

"नाही," मी म्हणालो.

"मला ठाव हुतं," चांगुणा म्हणाली. "अवो, तुमाला सांगता येन्यासारखं असतं, तर बेलभंडारा मोडून मी पहिल्याच दिशी सांगितलं असतं."